साखळीला आकार देणारे चौघे

पिंपरीत मुंबई-पुणे महामार्गालगत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा आजच्या उद्योगनगरीची नुसती चाहूल लागली होती. १९५४ साली स्थापन झालेली ही औषधनिर्मितीतील देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. पंचक्रोशीने तिला ‘एच. ए. कंपनी’ म्हणून आपलेसे केले, आणि एच. ए. कॉलनी, एच. ए. स्कूल ही नावे शहराच्या बोलण्यात कायमची रुजली. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध आपल्या पिंपरीत बनते, याचा इथल्या माणसांना अभिमान वाटे, आणि तो रास्त होता.

या औषधाविषयीचा एक प्रश्न मात्र जगभर दीर्घ काळ अनुत्तरित होता. जंतूच्या पेशीत शिरल्यावर स्ट्रेप्टोमायसिनचा रेणू नेमका कुठे बसतो? प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर तो परिणाम करतो, एवढे साठच्या दशकात स्पष्ट झाले होते. ती जागा प्रत्यक्ष दिसली २००० साली, केंब्रिजमध्ये वेंकी रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाची स्फटिकरचना उलगडली तेव्हा. औषधाला धरून ठेवणारी ही खोबण बहुतांशी आरएनएची आहे. सुमारे दीड हजार दुव्यांच्या एकाच साखळीतले चार तुकडे, म्हणजे १४ व्या, ५२६ व्या, ९१४ व्या आणि १४९० व्या दुव्याच्या आसपासचे, तिथे एकत्र येतात आणि शेजारचे एक प्रथिन त्यांना साथ देते. साखळी सरळ ताणून ठेवली, तर हे तुकडे एकमेकांपासून शेकडो दुवे लांब पडतील. त्यांना इतके जवळ कोणी आणले? या ग्रंथातली पुढची सर्व प्रकरणे या प्रश्नाभोवती उभी आहेत. वाचकांनी तो मनात धरूनच आत पाऊल टाकावे.

शाळेच्या पुस्तकात आरएनएची ओळख बहुधा निरोप्या म्हणून होते. डीएनएमधली माहिती उचलायची, ती रायबोसोमपर्यंत पोहोचवायची आणि मग विघटित व्हायचे, इतकेच काम त्याच्याकडे असल्याचा समज तिथून पक्का होतो. ही ओळख खरी असली तरी फार अपुरी आहे. रायबोसोममध्ये अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडण्याची रासायनिक क्रिया ज्या गाभ्यात होते तो आरएनएचाच आहे. काही आरएनए स्वतःची साखळी स्वतः कापतात आणि पुन्हा सांधतात. आरएनए असे उत्प्रेरकाचे काम करते, या शोधासाठी टॉमस चेक आणि सिडनी आल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले. काही आरएनए एखाद्या जीवनसत्त्वाचा रेणू ओळखून जनुक चालू-बंद करतात. ही सगळी कामे आकाराच्या बळावर होतात, आणि तो आकार साखळीतले चार बेस आपापसांत कसे वागतात त्यावर ठरतो. म्हणून या चौघांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास हा जीवशास्त्राच्या मुळाशी जाणारा विषय आहे, तो केवळ रसायनशास्त्रातल्या तपशिलाचा भाग नव्हे.

चौघांची नावे तुम्हाला ठाऊक असतील: अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरासिल. पहिले दोन आकाराने मोठे, दोन वलयांचे. उरलेले दोन लहान, एका वलयाचे. चौघेही सपाट. प्रत्येक बेस रायबोज नावाच्या शर्करेला जोडलेला असतो आणि या शर्करा फॉस्फेटच्या साहाय्याने एकमेकींत गुंफलेल्या असतात. फॉस्फेटवर ऋण भार असल्यामुळे साखळीचा कणा स्वतःलाच दूर ढकलत राहतो. बेसचे सपाट पृष्ठभाग मात्र पाण्यापासून दूर राहू पाहतात, आणि त्यामुळे एकावर एक रचले जातात. दोन थरांमधले अंतर सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिपटीहून थोडे अधिक. या रचण्याला अभ्यासक स्टॅकिंग म्हणतात. नवा वाचक बेसच्या जोड्यांकडे लगेच वळतो आणि स्टॅकिंगकडे त्याचे दुर्लक्ष होते. आमची विनंती अशी की दोन्हींना सुरुवातीपासून सारखेच महत्त्व द्यावे. आरएनएची घडी टिकून राहते त्यात या थरांचा वाटा फार मोठा आहे.

आता जोड्यांविषयी. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएसाठी सांगितलेला नियम आरएनएतही चालतो: ग्वानिनसमोर सायटोसिन, तीन हायड्रोजन बंधांनी, अ‍ॅडेनिनसमोर युरासिल, दोन बंधांनी. या जोड्यांचा एक विशेष गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोणतीही जोडी घेतली आणि कशीही उलटवली, तरी एका शर्करेपासून दुसरीपर्यंतचे अंतर जवळजवळ तेवढेच राहते, सुमारे १०.५ अँगस्ट्रॉम. त्यामुळेच अशा जोड्यांच्या ओळीतून एकसारखा, नियमित पीळ तयार होतो. पण नुसत्या पिळातून खोबण होत नाही, वळण होत नाही, कोपरा होत नाही. आरएनएला खरा आकार मिळतो तो या नियमाच्या बाहेरच्या जोड्यांमुळे.

ते कसे, हे समजण्यासाठी बेसकडे अक्षर म्हणून पाहणे थोडा वेळ बाजूला ठेवावे लागते. प्रत्येक बेसला तीन कडा आहेत आणि तिन्ही कडांना हायड्रोजन बंध जुळवता येतात. पहिली वॉटसन-क्रिक कडा; नेहमीची जोडी हिच्यातून होते. दुसरी हूगस्टीन कडा. कार्स्ट हूगस्टीन यांनी १९५९ मध्ये स्फटिकात पाहिलेल्या वेगळ्या जोडणीवरून तिला हे नाव मिळाले. तिसरी शर्करेकडची कडा. रायबोजवरचा एक हायड्रॉक्सिल गट तिच्यात सामील होतो, आणि डीएनएत हा गट नसल्यामुळे ही कडा आरएनएच्या खास उपयोगाची ठरते. तीन कडांतल्या कोणत्याही दोन घेतल्या तर सहा प्रकारचे मेळ होतात. प्रत्येक मेळात दोन्ही शर्करा एकाच बाजूला किंवा विरुद्ध बाजूंना असू शकतात, म्हणून एकूण कुळे बारा. नीऑकलिस लिओंटिस आणि एरिक वेस्थोफ यांनी २००१ मध्ये ही वर्गवारी मांडली आणि विखुरलेल्या निरीक्षणांना एक समान भाषा मिळाली. या बारा कुळांची ओळख झाली की विषयाचा निम्मा रस्ता चालून झाला असे समजायला हरकत नाही.

नियम आणि नियमाबाहेरचे मेळ एकत्र कसे नांदतात, ते पाहण्यासाठी अमिनो आम्ले रायबोसोमपर्यंत आणणाऱ्या ट्रान्सफर आरएनएसारखे दुसरे उदाहरण नाही. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये अशा एका आरएनएचा क्रम लावला, तेव्हा कागदावर तीन पाकळ्या आणि एक देठ अशी सपाट आकृती तयार झाली. १९७४ मध्ये यीस्टच्या अशाच एका रेणूची स्फटिकरचना दोन प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केली आणि ७६ दुव्यांचा तो रेणू काटकोनात वळलेला दिसला. कागदावर परस्परविरुद्ध बाजूंना असलेल्या दोन पाकळ्या प्रत्यक्षात एकमेकींना भिडलेल्या होत्या. त्यांना बांधून ठेवणाऱ्या मेळांत नेहमीच्या जोड्या थोड्या. बाकीच्या ठिकाणी आधीच जोडीत असलेल्या दोन बेसना तिसरा येऊन चिकटलेला, किंवा जोडीतला एक बेस उलटा फिरलेला. पंधराव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या दुव्यांमध्ये असा संबंध असावा, असे मायकेल लेव्हिट यांनी १९६९ मध्येच, रचना दिसण्याच्या आधी, सुचवले होते. अनेक जिवांच्या आरएनएचे क्रम शेजारी ठेवून कोणत्या दोन जागा सोबत बदलतात, हे पाहिले तरी आकाराचा सुगावा लागतो. हा धडा पुढे फार मोठ्या रेणूंना लागू पडला.

मोठ्या रेणूंत तेच ते लहान आकृतिबंध पुन्हा पुन्हा भेटतात. चार दुव्यांची एक घट्ट गाठ, तिला सामावून घेणारी एक विशिष्ट जागा, पिळाला अचानक मुरड घालणारे एक वळण, असे त्यांचे प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत सर्वव्यापी म्हणजे ए-मायनर मेळ: एक अ‍ॅडेनिन आपली शर्करेकडची कडा पुढे करून शेजारच्या पिळाच्या उथळ खाचेत शिरते आणि दोन पिळांना एकत्र धरते. २००१ मध्ये रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना तपासताना असे मेळ शेकड्याने आढळले. या सगळ्यात मॅग्नेशियमच्या आयनांचे काम विसरून चालणार नाही. ऋण भाराचे कणे एकमेकांच्या जवळ येतात ते या धन भाराच्या आयनांनी ढकलाढकलीला आवर घातल्यामुळे.

भोसरी-चाकण पट्ट्यात ज्यांनी मशीनशॉपमध्ये काम केले आहे, त्यांना रायबोसोमची पुढची करामत इतरांपेक्षा लवकर उमगेल. बोअर बरोबर झाले का, हे पाहायला गो-नोगो गेज वापरतात. गेज आकडा सांगत नाही. गो बाजू आत जायला हवी आणि नोगो बाजू अडायला हवी, एवढेच ते तपासते. निरोपातली तीन अक्षरे आणि ट्रान्सफर आरएनएवरची तीन अक्षरे जुळली की नाही, हे रायबोसोम याच पद्धतीने ठरवतो. रामकृष्णन यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की लहान भागातली दोन अ‍ॅडेनिन, क्रमांक १४९२ आणि १४९३, तसेच ५३० क्रमांकाचे ग्वानिन, आपल्या जागेवरून फिरून या नव्या जोड्यांच्या खाचेत टेकतात. जोडी वॉटसन-क्रिक मापाची असेल तरच ते नीट बसतात. कोणते अक्षर आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, मापाशी आहे. पहिल्या दोन जोड्यांची तपासणी कडक होते, तिसरीची सैल. ग्वानिन आणि युरासिल यांची किंचित सरकलेली जोडी तिसऱ्या जागी चालून जाते, हे क्रिक यांनी १९६६ मध्ये मांडलेले अनुमान इथे रचनेच्या भाषेत उलगडते.

आता स्ट्रेप्टोमायसिनकडे वळू. चार दूरच्या तुकड्यांना एकत्र धरून हे औषध रायबोसोमच्या लहान भागाला अशा स्थितीत स्थिर करते, की चुकीच्या जोडीचा ट्रान्सफर आरएनएही स्वीकारला जातो. प्रथिने सदोष निपजतात आणि जंतूचा कारभार कोलमडतो. जंतू त्याला उत्तर देतात तेही आकाराच्याच भाषेत. क्षयाच्या ज्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही, त्यांच्यात बदल सापडतात ते खोबणीशेजारच्या प्रथिनात, किंवा आरएनएच्या ५३० आणि ९१५ क्रमांकांच्या आसपासच्या भागांत. एखादा बेस बदलतो, खोबणीचा आकार थोडा हलतो आणि औषधाची पकड सुटते.

या कथेला मानवी बाजूही आहे, आणि ती वाचकांनी गांभीर्याने वाचावी. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या गोतावळ्यातल्या औषधांमुळे काही रुग्णांची श्रवणशक्ती हिरावली जाते. काही कुटुंबांत ती अगदी अल्प औषधानेही का जाते, याचा उलगडा १९९३ मध्ये झाला. आपल्या मायटोकाँड्रियांचे रायबोसोम जिवाणूंच्या वंशातले आहेत. त्यांच्या आरएनएत १५५५ क्रमांकाला सामान्यतः अ‍ॅडेनिन असते. काहींमध्ये तिथे ग्वानिन येते. हे ग्वानिन समोरच्या १४९४ व्या सायटोसिनशी एक नवी जोडी जुळवते आणि ती जागा जिवाणूच्या रायबोसोमसारखी दिसू लागते. मग जंतूसाठी दिलेले औषध कानातल्या पेशींनाही लागते. हा बदल आईकडून मुलांकडे जातो. बेसची एक जादा जोडी एका माणसाचे ऐकणे हिरावू शकते, इतके या विषयाचे आपल्या आयुष्याशी नाते आहे.

हे शास्त्र परदेशातच घडले, असा ग्रह मात्र वाचकांनी करून घेऊ नये. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकात बेसभोवतीच्या विद्युत विभवाचे नकाशे काढून, जोड्या कुठे आणि का जुळतात याचा सैद्धांतिक शोध घेतला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार यांनी शर्करा-फॉस्फेटचा कणा बदलून, तेच बेस दुसऱ्या आधारावर बसवले तर ते डीएनएशी व आरएनएशी कसे जुळतात, याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पुण्याच्या आयसरमध्ये एस. जी. श्रीवत्सन यांच्या गटाने प्रकाशमान होणारे बेस घडवले आहेत; आरएनएची घडी बदलली की त्यांचा प्रकाश बदलतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कैलास सोनवणे यांनी ट्रान्सफर आरएनएतल्या लायसिडीनसारख्या बदललेल्या बेसची संगणकावर चिकित्सा केली. लायसिडीन म्हणजे मुळातले सायटोसिन, पण रासायनिक फेरबदलामुळे ते ग्वानिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जोडी करते. यातले काम वाचताना तुम्हाला जाणवेल की या क्षेत्रात पुण्या-कोल्हापूरचा आवाज उसना नाही.

आणि पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम वेशीवरच्या हिंजवडीत याच विषयाने नवे रूप घेतले. तिथल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या जेमकोव्हॅक-१९ या भारतात विकसित झालेल्या पहिल्या एमआरएनए, म्हणजे निरोप्या आरएनएच्या, लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीतील वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे साध्या शीतकपाटाच्या तापमानाला ठेवता येणे हे तिचे वैशिष्ट्य. आरएनए टिकवणे अवघड का असते, याचे उत्तर तिसऱ्या कडेतल्या त्याच हायड्रॉक्सिल गटात आहे: तो शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून साखळी तोडतो. जिथे बेस जोडीत आणि थरात घट्ट बसलेले असतात तिथे हे सहज घडत नाही. मोकळ्या, लवचीक भागात घडते. लस घडवणाऱ्यांनाही म्हणूनच घडीचा विचार करावा लागतो. पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिनपासून एमआरएनएपर्यंतचा हा प्रवास एकाच परिसरात झाला, याचे मोल इथल्या तरुणांनी जाणावे.

वाचनाविषयी थोडे सांगतो. बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र पुरेसे आहे. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. बेसच्या तीन कडा प्रथम हाताने कागदावर काढा. पुस्तकातली आकृती पाहून समजल्यासारखे वाटते, पण अणूंच्या जागा स्वतः मांडल्यावरच हायड्रोजन बंधात कोणता दाता आणि कोणता ग्राहक हे डोक्यात बसते. त्यानंतर प्रोटीन डेटा बँक या सर्वांना मोफत खुल्या असलेल्या संग्रहात जाऊन १ईएचझेड या संकेताची रचना उघडा. यीस्टचा तो ट्रान्सफर आरएनए मोबाइलच्या पडद्यावरही फिरवून पाहता येतो. पंधरावा आणि अठ्ठेचाळिसावा दुवा शोधा. त्यांची ओळख पटली की १एफजेजी उघडा; तिथे रायबोसोमच्या लहान भागात बसलेले स्ट्रेप्टोमायसिन आहे. पहिल्यांदा गुंता दिसेल. घाबरू नका, औषधाभोवतीचे दहा-वीस बेस तेवढे ठेवून बाकीचे लपवा, आणि प्रत्येकाला विचारा: तू कोणत्या कडेने कोणाला धरले आहेस, आणि तुझ्या वर-खाली कोण आहे? या दोन प्रश्नांत सारी पद्धत सामावली आहे.

संज्ञांची यादी आधी पाठ करण्याच्या फंदात पडू नये. प्रकरणे क्रमाने वाचावीत, पण ट्रान्सफर आरएनएचे प्रकरण दोनदा वाचावे. पुढचे प्रत्येक प्रकरण त्याच्यावर उभे आहे. शिक्षकांनी शक्य असेल तर विद्यार्थ्यांकडून तारेचे किंवा पुठ्ठ्याचे नमुने करून घ्यावेत. औषधकंपन्यांत काम करणाऱ्यांनी थेट औषध आणि आरएनए यांच्या भेटीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. तिथून मागे येण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

शेवटी या क्षेत्राच्या आजच्या स्थितीविषयी. प्रथिनांची घडी क्रमावरून ओळखण्यात संगणकाने एवढी मजल मारली की २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला. आरएनएच्या बाबतीत तसे अजून झालेले नाही. रचनांचे भाकीत पारखणाऱ्या कॅस्प या जागतिक उपक्रमात आरएनए पहिल्यांदा आले ते २०२२ मध्ये, आणि तिथे अनुभवी अभ्यासकांची जाण नव्या यंत्रप्रणालींपेक्षा सरस ठरली. कारणे दोन: आरएनएच्या उलगडलेल्या रचना प्रथिनांच्या मानाने फार थोड्या आहेत, आणि आकार ठरवणारे नियमाबाहेरचे मेळ ओळखायला शिकवणे कठीण आहे. म्हणजे डोळसपणे पाहणाऱ्या माणसाची इथे अजून गरज आहे. आकुर्डीच्या, ताथवड्याच्या, चाकणच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी एक संगणक आणि खुला संग्रह एवढ्या भांडवलावर या कामात भर घालू शकते. तिला तिच्या भाषेत विषयाचा दरवाजा उघडून द्यावा, एवढ्यासाठी हा ग्रंथ आहे. पहिल्या प्रकरणात बेसच्या तीन कडा तुमची वाट पाहत आहेत. पेन्सिल घेऊन बसा.